दुसऱ्याच्या मापाचा कोट

मी माणसं खांद्यांवरून ओळखतो. चेहरे लक्षात राहत नाहीत, नावांची तर बोंबच. रस्त्यात कुणी "काय मास्तर, विसरलात का?" म्हणून वाट अडवली, की मी आधी त्याच्या खांद्यांकडे बघतो आणि मग म्हणतो, "विसरेन कसा, तुमची उजवी बाही पाव इंच लांब लागते." लोकांना याचं फार कौतुक. त्यात कौतुक करण्यासारखं काही नाही. एकतीस वर्षं कोटच कापतोय. न्हाव्याला डोकी आठवतात, मला खांदे आठवतात.

दुकानात आम्ही दोघंच. कापतो मी, शिवतो सुतळ्या. शाळेत असताना तो सुतळीएवढा होता म्हणून हे नाव पडलं. आता त्याचं पोट टेबलाला टेकतं, पण नाव काही बदललं नाही. कामाची आमची एक रीत आहे. माप मी घ्यायचं आणि आकडा मोठ्याने सांगायचा. सुतळ्याने तो पुन्हा म्हणायचा आणि वहीत लिहायचा. टेप धरणाऱ्याने पेन्सिलीला हात लावायचा नाही आणि पेन्सिलवाल्याने टेपला. एकट्या माणसाचं डोकं कुठेही भरकटतं, असं आमच्या वस्तादांचं म्हणणं होतं, म्हणून त्यांनी हा नियम घालून दिला. कापताना वही समोर उघडी हवी, हा दुसरा नियम. दोन्ही आम्ही इमानाने पाळले आणि एकतीस वर्षांत गिऱ्हाइकाचं कापड वाया गेलं असं कधी झालं नाही.

त्या सोमवारी ते झालं. दातांचे डॉक्टर ट्रायलला आले होते. कोपऱ्यावर त्यांचा दवाखाना आहे. कापड त्यांनी स्वतः हिंडून निवडलेलं, राखाडी, जड, नुसता हात फिरवत बसावं असं. कच्च्या टाक्यांचा कोट मी त्यांच्या अंगावर चढवला. छातीवर कोट मिटेना. बाह्या मात्र थेट अंगठ्यापर्यंत आल्या. आणि डावा खांदा असा खाली ओढला गेला, की त्या भल्या माणसाने आरशात बघून विचारलं, "मास्तर, मी वाकडा उभा आहे का?"

"नाही डॉक्टर," मी म्हणालो. "तुम्ही सरळ आहात. कोट वाकडा आहे."

सुतळ्या मधे पडला. कापडात दोष निघालाय, तसंच नवं कापड आम्ही आणतो, आठ दिवस द्या, असं काहीबाही सांगून त्याने त्यांना हसत हसत वाटेला लावलं. थापा मारण्यात तो पटाईत आहे, म्हणूनच गिऱ्हाईक त्याच्याकडे आणि कात्री माझ्याकडे. मग कोट टेबलावर पसरून, वही शेजारी ठेवून तो एकेक माप ताडून बघू लागला. मी इस्त्रीकडे गेलो आणि नसलेल्या सुरकुत्या मोडत बसलो. तो कोट कुणाचा, हे खांदा ओढला गेला तेव्हाच मला कळलं होतं.

पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढणारा एक माणूस आहे. मागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर राहतो. तिरक्या टेबलावर उजवा हात वर धरून त्याचा जन्म गेला, म्हणून डावा खांदा अर्धा इंच उतरलेला. नऊ वर्षांपूर्वी त्याने आमच्याकडे एक कोट शिवला. साध्या कोटाला दोन ट्रायल पुरतात. मी त्याला पाच वेळा बोलावलं. पाचव्या वेळी तो म्हणाला, "मास्तर, कोट कधीचा बरोबर झालाय. आता रविवारी चहाला घरीच या." तेव्हापासून तो आजारी पडेपर्यंत माझा एकही रविवार त्याच्याशिवाय गेला नाही. मी दुपारी जायचो, तो स्वयंपाक करायचा, मी भांडी घासायचो. मग तो खिडकीशी लवंडून मोठ्याने पुस्तक वाचायचा आणि मी त्याच्या पोटावर हात टाकून ऐकता ऐकता घोरायला लागायचो. आमचा संसार म्हणाल तर एवढाच, आठवड्यातून एक दिवसाचा. तो मी कुणालाही सांगितला नव्हता. सुतळ्यालाही नाही.

दोन महिन्यांपूर्वी त्याच्या छातीत दुखलं. हृदयाचं ऑपरेशन झालं आणि त्याची थोरली बहीण लांबून सेवेला आली. बाई चांगली आहे, हीच पंचाईत. वाईट असती तर तिच्या नावाने बोटं मोडून मोकळा झालो असतो. फोन तीच उचलायची, त्याच्या हातात द्यायची आणि शेजारी बसायची. तो माझ्याशी कचेरीतल्या साहेबाशी बोलावं तसा बोलायचा. "हो. बरं आहे. कळवतो." एकदा धीर करून फळं घेऊन गेलो. "आपण कोण?" बहिणीने विचारलं. "शिंपी," मी म्हणालो. खुर्ची मिळाली, पाणी मिळालं. बारा मिनिटं बसलो. पलंग माझ्यापासून चार हातांवर होता आणि त्या चार हातांत मला काही करता आलं नाही. तब्येत विचारली, काळजी घ्या म्हणालो आणि जिना उतरून आलो. खाली येऊन बघतो तर फळांची रिकामी पिशवी घट्ट मुठीत धरलेली.

मग गेल्या आठवड्यात फोनवर तो म्हणाला, "शुक्रवारी ताई नेतेय मला तिच्याकडे. कायमचं. कळवतो." बहिणीचं गाव सोळा तासांवर. नोकरीचा राजीनामा देऊन झाला होता, भाड्याची जागा सोडून झाली होती. मी "बरं" म्हणालो, कारण दुसरं काही म्हणायची सोय नव्हती. माझं मागणं फार नव्हतं. तो जायच्या आधी एकदा त्याच्या अंगाला हात लावायचा होता, तो अजून आहे, गरम आहे, एवढं हाताला कळायला हवं होतं. दिवसभर कात्री चालवताना, जेवताना, इस्त्री फिरवताना डोक्यात तेवढंच असायचं. डॉक्टरांचं कापड कापायला घेतलं तेव्हा वही समोर उघडी होती. मी तिच्यात बघितलंच नाही. खडू धरला आणि हात आपला चालत राहिला.

सुतळ्या चिवट माणूस आहे. मापं कुणाशी जुळेनात तेव्हा त्याने जुन्या वह्यांचं कपाट उघडलं आणि शिंकत शिंकत एकेक वही चाळू लागला. "राहू दे ना," मी दोनदा म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणालो नाही, कारण त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं.

दीड तासाने तो म्हणाला, "सापडला. ते नकाशेवाले. नऊ वर्षांपूर्वीचे. लांबी तीस, बाही पंचवीस, छाती अडतीस, डावा खांदा अर्धा उतार. तंतोतंत."

"असेल."

"असेल काय? नऊ वर्षांपूर्वी घेतलेलं माप आज तुझ्या हातून कसं उतरलं?"

"हात जुना आहे."

"बरं." त्याने चष्मा कपाळावर चढवला. "मग एवढं सांग. वहीत पोट चौतीस आहे. तू छत्तीस कापलंयस. त्यांचं पोट दोन इंच सुटलं हे वहीला माहीत नाही, मला माहीत नाही. तुला कुठून माहीत?"

रस्त्यात दिसले होते, असं म्हणता आलं असतं. नऊ वर्षं अशी उत्तरं मी खिशात घेऊनच फिरत होतो. पण त्या क्षणी त्यातलं एकही हाताशी येईना, आणि खरं सांगायचं तर शोधायचाही कंटाळा आला होता.

"मी रविवारी त्याच्याकडे असतो," मी म्हणालो. "नऊ वर्षं झाली. आम्ही दोघं... तू आणि वहिनी आहात ना, तसे आहोत. माझा हात असतो त्याच्या पोटावर, म्हणून माहीत. ऑपरेशन झालंय त्याचं. शुक्रवारी बहीण त्याला कायमचं घेऊन जातेय, आणि मला त्याच्या जवळसुद्धा जाता येत नाही. मला ते सहन होत नाही, सुतळ्या."

सुतळ्याने वही मिटली. कपाटात जागच्या जागी ठेवली. कपाटाची कडी लावली. ती नीट लागते, तरी दोनदा लावली.

"रविवारी तू मावशीकडे जातोस," तो म्हणाला.

"मावशी जाऊन सहा वर्षं झाली."

"मागच्या वर्षी मी तिच्या गुडघ्यांसाठी तेल पाठवलं होतं."

"ते मी लावलं."

एरवी या वाक्यावर आम्ही दोघं पोट धरून हसलो असतो. तो हसला नाही. स्टुलावर बसला आणि टेबलावर पडलेल्या दोऱ्यांची गोळी करू लागला.

"तुझ्या वहिनीने तुला आठ मुली दाखवल्या."

"सात."

"आठवीला तू आलाच नाहीस. ती मुलगी नवी साडी नेसून बसली होती. तीही धर." गोळी त्याने खाली टाकली. "आमचं पहिलं मूल गेलं, तेव्हा मी कुणाच्या गळ्यात पडून रडलो?"

"माझ्या."

"कुठे?"

"इथेच. या टेबलापाशी."

"घरी रडलो नाही मी. तिच्यासमोर रडता येत नव्हतं, म्हणून इथे आलो. माझं काय म्हणून तुझ्यापासून राहिलंय? आणि तू मला मेलेल्या मावशीचे गुडघे सांगत होतास."

"भीती वाटायची," मी म्हणालो. "तू उठून गेलास तर मला दुसरं कुणी नव्हतं."

"आता वाटत नाही?"

"वाटते. पण आता दुसरं काही त्याच्याहून जास्त झालंय."

तो उठला. चप्पल घातली आणि भर दुपारी चार वाजता दुकानातून निघून गेला. मशीनवर अर्धवट बाही तशीच सुईखाली अडकलेली, डबा तसाच खुंटीला. मी उशिरापर्यंत थांबायचं ठरवलं होतं, पण पाऊण तासातच त्या डब्याकडे बघवेना, म्हणून शटर ओढून घरी गेलो.

मंगळवारी मी पोचलो तर तो माझ्या आधी आलेला. मी चहा सांगितला, त्याने माझ्याकडे पाठ करून प्यायला. दुपारी वळून बघतो तर तो डॉक्टरांचा वाया गेलेला कोट मांडीवर घेऊन त्याला अस्तर टाचत होता.

"तो कशाला शिवतोयस? डॉक्टरांना तो होणार नाही."

"ज्याला होतो त्याला होईल." दोरा त्याने दातांनी तोडला. मग खाली बघतच बोलायला लागला. "मला हे कळत नाही. खोटं कशाला बोलू? सबंध रात्र कूस बदलत होतो, तरी कळलं नाही. शेवटी पहाटे तुझ्या वहिनीला उठवून विचारलं."

"तिला सांगितलंस?"

"वेडा आहेस का? एवढंच विचारलं, मी आजारी पडलो आणि तुला कुणी माझ्या जवळ येऊ दिलं नाही, तर काय करशील? म्हणाली, दार तोडीन. आणि परत झोपली." त्याने सुईत नवा दोरा घातला. एका झटक्यात गेला. माझ्या सुईत तो आजकाल जात नाही. "तुझ्याच्याने काही दार तुटायचं नाही. साधी गाठ सुटली नाही तर तू कात्री मागतोस. म्हणून मी सकाळी त्या ताईंना फोन केला. म्हटलं, तुमच्या भावाने ऑपरेशनच्या आधी कोट टाकला होता, जायच्या आत एक ट्रायल करून घेऊ. उद्या अकराला बोलावलंय."

मला काही बोलायचं होतं. "अस्तर तिरकं जातंय," असं काहीतरी मी बोललो.

"कापणाऱ्याने शिवण्यात नाक खुपसू नये," तो म्हणाला.

बुधवारी अकराला आम्ही तिसरा मजला चढलो. सुतळ्याला धाप लागली, मला त्याच्याआधीच लागली होती. खोलीत खोकी रचलेली, गुंडाळलेले नकाशे बांधून दाराशी उभे केलेले, आणि भिंतीवर जिथे ते होते तिथे फिकट चौकोन. बहीण खिडकीशी खुर्चीत मटार सोलत बसली होती. तो पलंगावर उशीला टेकून होता. त्याने माझ्या हातातला कोट बघितला. असा कोट आपण कधी शिवायला टाकलेला नाही, हे त्याच्या तोंडावर स्वच्छ दिसलं. खोटं बोलणं त्याला कधीच जमलेलं नाही. मग त्याने सुतळ्याकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे बघितलं, आणि त्याच्या लक्षात आलं की मी सांगितलंय. त्याने मान खाली घातली.

"हो, तो कोट," तो म्हणाला. "मी विसरूनच गेलो होतो."

त्याला हात देऊन उठवलं. हात गरम होता. मी कोट चढवला आणि दोन पावलं मागे सरलो. माझ्या आठवणीतल्या माणसाला तो कोट बरोबर बसला असता. या माणसाच्या अंगावर तो नुसता लोंबत होता. पोट गेलं होतं, छाती आत गेली होती. खांद्याचा उतार तेवढा जिथल्या तिथे होता. मी उगाच कॉलर झटकत राहिलो.

"मास्तर, हे चालायचं नाही," सुतळ्या म्हणाला. "सगळी मापं नव्याने घ्या." त्याने स्टूल ओढलं आणि ते बरोबर बहिणीच्या आणि आमच्या मधे ठेवलं. त्यावर तो बसला. पाठ रुंद आहे त्याची. वही मांडीवर उघडली, पेन्सिल जिभेला लावली. "हं, बोला."

"लांबी तीस," मी म्हणालो. माझं बोट त्याच्या मानेच्या हाडावर होतं.

"तीस," सुतळ्या म्हणाला.

"बाही पंचवीस."

"पंचवीस. छाती?"

छातीचं माप घ्यायला टेप पाठीमागून आणावी लागते. त्यासाठी माणसाच्या दोन्ही बाजूंनी हात न्यावे लागतात. दिवसातून चार वेळा मी हे करतो आणि त्यात काही आहे असं कधी मनात येत नाही. मी हात नेले. सदऱ्याखाली टाक्यांची उभी रेघ लागली, शिंप्याच्या हाताला ती लगेच कळते. त्याचं हृदय माझ्या मनगटावर वाजत होतं.

"पस्तीस," मी म्हणालो.

"ऐकू नाही आलं."

"पस्तीस."

"टेप सैल दिसतेय मास्तर. पुन्हा घ्या. सावकाश."

"एका कोटाला इतका वेळ लागतो?" बहिणीने विचारलं.

"त्याचं काय आहे ताई, आजारातून उठलेल्या माणसाचं माप घाईने घेऊ नये. आधी श्वास बसू द्यावा लागतो," सुतळ्याने ठोकून दिलं, आणि लगेच विचारलं, की ते जेवतात का नीट, झोप लागते का, लहानपणीही असेच हडकुळे होते का. लहानपणाचा विषय निघाल्यावर बहीण खुलली. तो झाडावरून पडला होता, त्याने गणिताच्या वहीत गुरुजींचं घर काढलं होतं, असं काय काय ती सांगू लागली. सुतळ्या "अरे वा", "हो का" करत राहिला आणि मधूनच मान न वळवता ओरडायचा, "पोट?", "पाठ?", "पुन्हा."

"तू बारीक झालास," नकाशेवाला माझ्या कानाशी पुटपुटला. तीन इंच त्याचे गेलेले, आणि हे तो मला सांगत होता.

"सरळ उभा राहा."

"येशील तिकडे?"

"येईन."

"सोळा तास आहेत. शिंपी इतक्या लांब येत नाहीत."

"हा येतो," मी म्हणालो. येईन की नाही, ती बाई तिकडे मला दारात तरी उभं करेल की नाही, मला काहीच ठाऊक नव्हतं.

पाठीचं माप घेताना मागे उभं राहावं लागतं. मी मागे गेलो आणि त्याच्या मानेखाली कपाळ टेकलं. त्याने हात मागे करून माझी बोटं धरली, टेपसकट. किती वेळ ते सांगता येणार नाही. मटारच्या पाच-सहा शेंगा फुटल्याचं ऐकू आलं. आयुष्यभर तसंच उभं राहायला माझी तयारी होती.

"झालं का?" बहिणीने विचारलं.

"झालं," मी म्हणालो, आणि टेप गुंडाळली.

आम्ही जिना उतरलो. खाली रस्त्यावर आलो तेव्हा मला सुतळ्याचे आभार मानायचे होते, पण तोंडातून निघालं ते नेहमीचंच. "सगळं लिहिलंस ना? छाती पस्तीस, पोट तेहतीस, पाठ सोळा. कोट उद्या संध्याकाळच्या आत हातात पडायला हवा त्याच्या."

सुतळ्याने वही उघडून माझ्यापुढे धरली. वर गिऱ्हाइकाचं नाव होतं, तारीख होती. खाली सबंध पान कोरं.

"पेन्सिलीचं टोक तुटलं?"

"टोक शाबूत आहे."

"मग मघापासून 'तीस', 'पंचवीस' करत होतास ते काय?"

"म्हणत होतो. लिहीत नव्हतो." त्याने खिशातून रुमाल काढला, चेहरा पुसला, नाक शिंकरलं. त्याचे डोळे लाल झाले होते. "चूक झाली पेन्सिलवाल्याची. एवढी सगळी मापं पाठ कुणाला राहतात? उद्या पुन्हा घ्यावी लागणार. मी सांगतो ताईंना तसं."

एरवी असा गलथानपणा त्याने केला असता तर मी त्याला रस्त्यातच फाडून खाल्लं असतं. मी ते कोरं पान बघत उभा राहिलो.

"किती वाजता यायचं?" मी विचारलं.

"सकाळी लवकर," सुतळ्या म्हणाला. "म्हणजे दिवसभर मिळेल."